फिमो केनच्या चकत्या नखांवरून लगेच सुटतात, कोणता ग्लू वापरू?

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्यात घरीच नेल आर्टची कामं घ्यायला लागलात, फिमोच्या, म्हणजे भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिक क्लेच्या चकत्या लावता, पण दोन-तीन दिवसांत कडा सुटतात. मग ग्लू कोणता घ्यायचा आणि तयार चकत्या घ्यायच्या की अख्खी केन, म्हणजे आत आरपार नक्षी असलेली क्लेची कांडी? मी एरवी इथे नुसती वाचत असते. पण ग्लूचं नाव काढलंत, आता राहवत नाही. ग्लूचा काही दोष नाही हो. चकती जाड आहे.

घोडबंदर रोडवरच्या एका सलूनमध्ये नोकरीला होते तेव्हा हेच वाक्य बोलून बोलून माझा घसा बसला. तिथल्या मॅडम तयार चकत्यांचे गोल डबे आणायच्या, खणाखणांत किवी, संत्रं, कलिंगड भरलेले. हा माल बराचसा स्लाइम आणि रेझिनवाल्यांसाठी कापलेला असतो. स्लाइममध्ये जाडी कोण बघतंय? नखाला मात्र कमान असते. जाड चकती मधोमध टेकते आणि दोन्ही टोकं उचललेली राहतात. त्या टोकांखाली कितीही ग्लू ओता, भांडी घासताना पाणी शिरायचं ते शिरतंच. हे मी मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "तुला काय, ग्लू जरा सढळ हाताने लाव."

मग नेरुळची एक नवरी आली. तिला अनामिकेवर फुलं हवी होती. मी त्याच डब्यातली, त्यातल्या त्यात पातळ अशी चकती शोधून लावली, कारण दुसरं काही वापरायची परवानगीच नव्हती. लग्नाच्या दिवशी शालू नेसताना ती उचललेली कड जरीत अडकली आणि दोन धागे सरकले. नवरीच्या आईचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला, आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाल्या, "ग्लू कमी लावलास ना?" महिना भरला तशी मी नोकरी सोडली.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, की केन कापत बसणं म्हणजे पोरखेळ, मातीकाम. इटलीतल्या मुरानो बेटावरचे काचवाले शेकडो वर्षं काचेच्या कांड्या ओढून, आडव्या कापून हेच करत आलेत, त्याला मात्र कारागिरी म्हणायचं! मी घरी चरईत पहिली स्वतःची केन केली ती पारिजातकाची. मधे केशरी कांडी, भोवती पांढऱ्या पाकळ्या, पाकळ्यांमधल्या फटीत गडद हिरव्या पाचरी. पाचरी नसतील तर दाबताना पाकळ्या पसरतात आणि फुलाचा चेंडू होतो. सगळं तीन बोटं जाड रचायचं आणि मधून बाहेर दाबत, ओढत पेन्सिलीहून बारीक करायचं. नुसतं लाटलंत तर आतलं फूल पिळवटतं. केशरी मऊ आणि पांढरा कडक असेल तर केशरी पुढे पळतो, म्हणून रचण्याआधी दोन्ही सारखे मळून घ्यायचे. पांढरा क्ले हात धुऊन सगळ्यात आधी हाताळा. टॉवेलचा एक तंतू लागला की तो थेट पाकळीत दिसतो. दोन्ही टोकांची नक्षी बिघडतेच, तेवढा भाग कापून टाकायचा. आणि मग अळूवडीच्या उंड्यासारखं, कुठेही कापा, आत तेच फूल.

भाजणं फिमोच्या पाकिटावर असतं तसंच, 110 अंशांवर अर्धा तास. घरच्या ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. जास्त तापला की पांढरा पिवळट पडतो.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, केनच घ्या. मी तयार केन क्रॉफर्ड मार्केटकडून आणते, त्याही चालतात. एसीत ठेवलेली केन कापाल तर चुरा होणार. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, पुसा, मग कापा. दाढीची पत्ती मधे वाकते आणि चकती एका बाजूला जाड निघते, त्यापेक्षा क्लेसाठी मिळणारं ताठ, लांब पातं घ्या. चकती चिमट्यात धरून वाकवून बघा. वाकली तर नखासाठी, मोडली तर ती स्लाइमवाल्या पोरांना देऊन टाका.

लावताना बेस जेल क्युअर करायचं, म्हणजे नेल लॅम्पखाली धरून कडक करायचं, वर जेलचा पातळ थर द्यायचा, तो ओला असतानाच चकती ठेवून नखाच्या कमानीवर दाबायची आणि लॅम्पखाली धरायची. मग बिल्डर जेलने, म्हणजे जाड थर देणाऱ्या जेलने पूर्ण झाकायची, पुन्हा लॅम्प, कडा फाइल करायच्या, वर टॉप कोट. शेवटी नखावरून केसांत हात फिरवा. एक जरी केस अडकला तरी काम अपुरं आहे, गिऱ्हाईक उठू देऊ नका. यात ग्लू कुठेच नाही, बघा. साध्या नेलपॉलिशवर लावत असाल तर मात्र माझ्याकडे उपाय नाही. पॉलिशमधलं सॉल्व्हंट क्लेला चिकट करतं, तिथे ग्लू बदलून उपयोग नाही.

एवढं लिहिल्यावर आठवलं, काढतानाही घोळ होतो. चकती तशीच ॲसिटोनमध्ये बुडवलीत तर लगदा होतो आणि रंग बाजूच्या कातडीवर उतरतो. आधी चकती फाइलने घासून काढा, मग उरलेलं जेल भिजवा. ओलं जेल कातडीला लागू देऊ नका, ॲलर्जी एकदा झाली की पुन्हा जेलला हात लावता येत नाही. आणि क्लेचा ट्रे वेगळा ठेवा, केकच्या ट्रेमध्ये भाजू नका. क्ले करपला तर खिडक्या उघडून खोलीबाहेर व्हा, पीव्हीसीच असतं ते, धूर घशाला झोंबतो.

पैसे मात्र हाताने कापलेल्या चकतीचे वेगळे लावा. मॅडम म्हणायच्या गिऱ्हाईक देत नाही. माझी देतात.