जुन्या जहाजांवरच्या ॲस्ट्रोलेबला, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायच्या चकतीला, एवढी मोठी भोकं का असतात?

वाऱ्यासाठी! मी मिरामारच्या किनाऱ्यावर पुठ्ठ्याची सपाट चकती दोरीला टांगून पाहिली, ती भिंगरीसारखी गरगरली. मधला भाग कापला, तळाशी जाळ्याचं शिसं बांधलं, तेव्हा कुठे गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ राहिली. सोळाव्या शतकातल्या ओतकाम करणाऱ्यांनी पितळेत, काशात हेच साधलं: पोकळ चाक, जड बूड, वर टांगायची कडी.

मध्यावर फिरणारी पट्टी, तिच्यावर दोन उभ्या पात्या, प्रत्येकीला बारीक छिद्र. सूर्याकडे बघायचंच नाही. वरच्या छिद्रातून आलेला किरण खालच्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची आणि कडेवरचे अंश वाचायचे. २१ मार्चच्या सुमारास पणजीत भर माध्यान्ही साधारण ७४.५ येतील. ९० मधून वजा केले की १५.५, हाच आपला अक्षांश. इतर दिवशी सूर्याच्या क्रांतीचं, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्याचं, कोष्टक लागतं.

एका अंशाची चूक म्हणजे ६० सागरी मैल, म्हणजे पणजीऐवजी विजयदुर्गाचा परिसर. मात्र या पोकळ चाकांच्या आधीचे नमुने भरीव होते. वास्को द गामाच्या दुसऱ्या भारतफेरीतल्या, ओमानजवळ बुडालेल्या जहाजावरची चकती भरीवच आहे, जेमतेम १७.५ सेंटीमीटर व्यासाची.