काळी माती धातू धरते, पण सगळे नाही

प्रश्न (निफाड) : वीस वर्षं द्राक्षबागेवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारतोय. त्यातलं तांबं पावसाने वाहून जातं का?

फार थोडं. 1 टक्का बोर्डोच्या 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद पडतो आणि त्यात सुमारे 250 ग्रॅम तांबं असतं. पानांवरून निथळून, पानगळीतून ते वरच्या वीतभर मातीत साठत जातं.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज भरपूर. त्याचा एकेक पापुद्रा म्हणजे सिलिकाच्या दोन थरांत दाबलेला ॲल्युमिनाचा थर. या मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं. पहिल्याचा धनभार तीन, दुसऱ्याचा दोन. म्हणून पापुद्र्यावर ऋणभार उरतो आणि तो भरून काढायला कॅल्शियम, सोडियम फटींत येऊन बसतात. याच फटींत पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आटलं की भेगाळते.

तांबं आलं की कॅल्शियमला उठवून त्याची जागा घेतं. ही पकड सैल असते. पापुद्र्यांच्या कडांवर ऑक्सिजनशी होणारी जोडणी मात्र घट्ट, आणि सामू (pH) वाढेल तशी आणखी घट्ट. चुनखडीच्या जमिनीत सामू 8 च्या आसपास असतो, म्हणून वेलीला सहसा त्रास जाणवत नाही. पण तांबं संपत नाही, साठतं, आणि गांडुळांना ते फार आधी जाचतं. ठिबकमधून वारंवार आम्ल सोडत असाल तर ही पकड ढिली होते. माती परीक्षणात उपलब्ध तांबं जरूर मोजून घ्या. माझी ही कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (सातपूर) : विहिरीच्या पाण्यात प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कारखान्यांचं क्रोमियम आलंय. काळ्या मातीतून गाळून चालेल?

नाही. प्लेटिंगमधलं घातक क्रोमियम षट्संयुजी (संयुजा सहा असलेलं) असतं. पाण्यात ते क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋणभार घेऊन वावरतं. माती स्वतः ऋणभारित, ती त्याला दूर लोटते. त्रिसंयुजी क्रोमियम धनभारित, तेवढं ती धरते. शिसंही धरते. पण गाळलेलं पाणी नितळ दिसलं म्हणून पिऊ नका, आणि पोरांना तर मुळीच देऊ नका.

प्रश्न (जुने नाशिक) : मग माठातल्या पाण्यातलं शिसं माठ ओढून घेतो का?

त्यावर विसंबू नका. भट्टीत साधारण 500 ते 700 अंशांपुढे मातीतल्या या खनिजांची पापुद्र्यांची रचना मोडते आणि धातू धरण्याची ताकद बरीचशी जाते. माठ पाणी गार करतो, तेवढ्यासाठीच वापरा. चकाकी चढवलेल्या मातीच्या बरणीत मात्र लोणचं घालण्याआधी ती चकाकी शिशाची नाही ना, हे विचारून घ्या. आंबटात शिसं उतरतं.