मे महिन्यात कोकणात गळ टाकायचा तर वेळ कोणती?

पहाटे पाच ते साडेसात, आणि तेही पाणी भरत असताना. दुपारी उथळ पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा खोल सावलीत जाऊन बसतो. तेव्हा गळ टाकणं म्हणजे नुसतं उन्हात करपणं.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणून उन्हाळ्यात मी अष्टमी-नवमी धरतो. तेव्हा भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, असल्याने ओढ कमी असते हे खरं, पण अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, ऐन उन्हात येते.

आमिषाला जिवंत कोळंबी, शेपटीजवळून टोचलेली. मेलेली असली की नको असलेली शेंगटी (मिशावाला मासा) आधी येते. खाडीच्या मुखाशी, खडकाच्या कडेला तांबोशी मासळी लागते, नशीब असेल तर जिताडा.

हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं, तिथे जेटीवरच्या माणसाला विचारा. आणि मेअखेर लाटा वाढल्या की शेवाळलेल्या खडकावर उतरू नका.