मकालिया धबधबा: पाणी असेल का, उतरावे का आणि लसीचे काय?

केनियाच्या सहलींचे बेत ठरू लागले की नाकुरू सरोवर राष्ट्रीय उद्यानातील मकालिया धबधब्याविषयी तेच ते प्रश्न येऊ लागतात. नेहमीचे सहा प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही फेब्रुवारीत जाणार आहोत. सहलीच्या पत्रकावर धो धो कोसळणारा धबधबा छापला आहे. तो तसाच दिसेल ना?

बहुधा नाही. मकालिया ही लहान नदी माऊ डोंगररांगेच्या उतारावरून येते, उद्यानाच्या दक्षिण टोकाला कड्यावरून पडते आणि पुढे नाकुरू सरोवराला मिळते. तिकडे मोठा पावसाळा मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. जानेवारी-फेब्रुवारी हे सर्वांत कोरडे महिने. त्या दिवसांत कड्यावर एखादी बारीक धार दिसली तर नशीब समजावे. पत्रकावर फोटो छापणारे तो कोणत्या महिन्यातला हे कधीच छापत नाहीत, आणि हा काही विसरभोळेपणा नव्हे. नाकुरू भागात जुलै-ऑगस्टमध्येही पाऊस होतो, त्यामुळे त्या वेळी जाणाऱ्यांना थोडी अधिक आशा आहे; पण निघण्याच्या आठवड्यात आयोजकांना उद्यानातील वनरक्षकांकडे चौकशी करायला लावावी.

प्रश्न : व्हिक्टोरिया धबधबा तो हाच का?

नाही. तो झांबेझी नदीवर, झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवर आहे.

प्रश्न : आमचे शेजारी गेल्या वर्षी जाऊन आले. ते म्हणतात की धबधब्यापाशी गाडीतून उतरता येते आणि पाणी कमी असेल तर मुलांना खालच्या डोहात खेळू देता येते. खरे आहे का?

पहिला भाग खरा आहे. उद्यानात ठरवून दिलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर गाडीबाहेर पाय ठेवण्यास मनाई आहे आणि धबधबा ही त्या मोजक्या जागांपैकी एक. दुसऱ्या भागातून एवढेच सिद्ध होते की शेजारी सुखरूप परत आले.

या नदीचे पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, ते उद्यानाबाहेरच्या माऊच्या उतारांवरून येते. तेथे दुपारी जोराची सर कोसळत असताना धबधब्यापाशी लख्ख ऊन असू शकते. माऊचे जंगल गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. पाणी धरून ठेवणारी झाडे गेल्यामुळे पाऊस पडताच लोंढा येतो आणि पाऊस थांबला की पात्र लवकर ओसरते. तेव्हा ‘पाणी कमी आहे’ हे फक्त त्या क्षणापुरते खरे असते. काठच्या झुडपांकडे पाहावे: पावसाळ्यानंतर तेथील फांद्यांत वाळके गवत, काटक्या आणि चिखलाची पुटे अडकलेली मी खांद्याच्या उंचीवर पाहिली आहेत. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर चपला शोधत बसू नये, मुलाचा हात धरून वर यावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या ओहोळात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, हे आपल्याकडच्या वाचकांना तरी वेगळे सांगायला नको.

शिवाय विजेचे कुंपण उद्यानाभोवती आहे, धबधब्याभोवती नाही. रानरेडे पाण्यावर येतात, बिबट्याही त्याच झाडीत वावरतो आणि बबून माकडे हातातला डबा हिसकावतात. बक्षिसीच्या आशेने चालक मान डोलावेल. विचारायचे ते वनरक्षकाला, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर वाद घालायचा नाही.

प्रश्न : धबधबा आटलेला असला तरी रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसतीलच ना?

पत्रकातला हाही फोटो बहुधा जुना असतो. साधारण २०१० नंतर सरोवराची पातळी बरीच वाढली, पाण्याचा खारेपणा उतरला आणि या पक्ष्यांचे खाद्य असलेले शेवाळ कमी झाले. त्यामुळे पुष्कळ पक्षी बोगोरिया सरोवराकडे गेले. थवे पाहायचेच असतील, तर त्या वेळी ते कोठे आहेत हे स्थानिक वाटाड्याला विचारून मगच मुक्काम ठरवावा.

प्रश्न : केनियात पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागत नाहीत, असे एजंट म्हणतात. मग लस कशाला?

कारण परतताना तो भारत मागतो. भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात अडवत नाहीत, या अर्ध्या सत्यावर एजंट मोकळे होतात. वैध दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो आणि मग तो आयुष्यभर चालतो. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. विमानाला आठवडा उरल्यावर मला विचारून काही उपयोग नाही, तिकीट काढाल त्याच दिवशी केंद्रात नाव नोंदवावे. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत ठरवावे.

प्रश्न : पाण्याच्या बाटल्यांचा खोका बरोबर नेला तर चालेल का?

नाही. जून २०२० पासून केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे. स्टीलची बाटली न्यावी.