नारळ सोडला, पण रात्रीचा पेला तसाच

फोंड्याकडची एक्कावन्न वर्षांची बाई. धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला आणि महिनाभरात हिनं नारळ, मासळी, दूध, साखर, सगळं सोडलं. जावेनं म्हणे सांगितलं होतं, "तुमच्या घरचं हुमणच (नारळातली मासळीची कढी) नडलं." समुपदेशनाला आली ती एकच प्रश्न घेऊन: "मॅडम, आम्ही जे खाल्लं त्यानंच झालं ना तिला?"

असा प्रश्न आला की आधी बहिणीवरचा ठपका काढावा लागतो. कुणा एका बाईच्या कर्करोगाचं बोट तिच्या ताटाकडे दाखवता येत नाही. नारळाच्या कढीनं किंवा बांगड्यानं हा रोग होतो याला पुरावा नाही. साखर गाठीला थेट "खाऊ घालते" हेही खरं नाही. अमेरिकेत जवळजवळ 49 हजार पाळी गेलेल्या बायकांवर मोठी चाचणी झाली. कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या प्रमाणात 2006 साली फरक दिसला तो इतका किरकोळ, की योगायोगही असू शकेल.

मग चोवीस तासांचं खाणंपिणं लिहून घेतलं. सकाळी बिनदुधाचा चहा, दोन पाव. दुपारी उकड्या तांदळाचा भात, पातळ डाळ. संध्याकाळी काही नाही. आणि झोपताना? ती हसली. "थोडी पोर्ट वाईन. रक्ताला बरी ना?" बाळंतिणीपासून म्हाताऱ्यांपर्यंत पोर्टला औषध मानणारी घरं गोव्यात पुष्कळ आहेत, म्हणून 'दारू पिता का' असं विचारून भागत नाही. 'नाही' असंच उत्तर येतं.

"थोडी" म्हणजे किती, ते मोजायला लावलं. घरचा स्टीलचा पेला ती रोज भरते तेवढा पाण्यानं भरून औषधाच्या मापानं मोजला: 120 मिली. बाटलीवर 15 टक्के अल्कोहोल. म्हणजे रोज सुमारे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 30 मिली फेणीत साधारण 10 ग्रॅम असतं, त्याहून जास्तच. खाण्यापिण्यातला सगळ्यात पक्का धोका हाच. रोजच्या दर 10 ग्रॅमला स्तनाच्या कर्करोगाचा धोका 7 ते 10 टक्क्यांनी चढतो. शंभरातल्या सात-दहा जणींना होईल असा याचा अर्थ नव्हे. मुळात जो धोका आहे त्यात तेवढी भर. अल्कोहोलपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड बनतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. शिवाय इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढतं. वाईन असो, बिअर असो, फेणी असो, हिशेब एकच. आणि पोर्टनं रक्त वाढत नाही.

दुसरी गोष्ट कंबर. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कुल्ह्याच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडून: 93 सेंमी. आपल्याकडच्या बायकांना 80 ही मर्यादा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं, म्हणून या वयातला लठ्ठपणा धोका वाढवतो. नारळाचा संबंध लागलाच तर इथे: 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. कढीत खुशाल घाला; भाजीत, उसळीत आणि वर पुन्हा सुक्या चटणीत मात्र नको.

दूध सोडल्यानं उलट हाडांचं नुकसान. पाळी गेल्यावर कॅल्शियम लागतंच, म्हणून दूध किंवा दही परत, जोडीला नाचणीची आंबील. मासळीही परत, रवा लावून तळलेली कमी, कढीतली जास्त. भात अर्ध्या वाटीनं कमी, त्या जागी अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) किंवा तांबडी भाजी (लाल माठ). सोयाबीनची भीती तिला होती. जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात ते घातक नाही. रोज अर्धा तास झपझप चालायचं, आठवड्यातले पाच दिवस.

"एवढं केलं की मला होणार नाही ना?" याला 'हो' म्हणणं सोपं, पण खोटं. सख्ख्या बहिणीला झालं की धोका साधारण दुप्पट होतो, आणि आहारानं तो पुसला जात नाही. बहिणीचा रोग एक्केचाळिसाव्या वर्षी, म्हणजे कमी वयातच सापडला, म्हणून जनुकीय तपासणीचं आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचं ठरलं, आणि हिची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी.

दीड महिन्यानं आली तेव्हा पेला शनिवारपुरता उरला होता, कंबर दोनच सेंमी उतरली होती. मॅमोग्राफी मात्र "चवथीनंतर करूया" म्हणून राहिलेली. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) थांबतील, ही तपासणी नको थांबायला, असं सांगून तिथूनच फोन लावून तारीख घेतली.