मानधन घेतलं तर पेन्शन जाईल का?

"मॅडम, हिला म्हैन्याला पंचवीस हजार देतो म्हणालेत. पण त्यानं सरकारी पेन्शन बंद पडंल. तुमीच सांगा हिला, घिऊ नगंस म्हणून."

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या सल्ल्याच्या खोलीत खुर्चीवर टेकायच्या आधीच आई हे बोलून मोकळी झाली. मुलगी व्हीलचेअरवर शेजारीच होती. वय 26, सेरेब्रल पाल्सी, सीपीआर या सरकारी रुग्णालयातून मिळालेल्या प्रमाणपत्रावर 70 टक्के दिव्यांगत्व. बोलणं सावकाश आणि थोडं अडखळत. शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्रात एमए. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघींनी लिहायला आनंदानं होकार दिला.)

तिची निवड एका धोरणविषयक फेलोशिपसाठी झाली होती. मुदत अकरा महिने, काम घरूनच. बँक, विमा, कर्ज आणि बचत या बाबतींत दिव्यांग माणसं कुठं कुठं अडतात त्याचा अभ्यास करायचा आणि सरकारी खात्यांसाठी सूचना लिहायच्या. संमतीपत्र पाठवायला आठ दिवस उरले होते.

ही काळजी माझ्याकडं वेगवेगळ्या तोंडून येते. कुणाला दुकानातलं काम मिळतं, कुणाला शिकवण्या, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू दे, दिव्यांगत्वाचा दाखला रद्द होईल." म्हणून त्या दिवशी आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. पहिली दहा मिनिटं मी आईशीच बोलत होते. मुलगी एखादं वाक्य सुरू करायची, शब्द अडला की आई ते पुरं करायची आणि मी मान डोलवायचे. मग मुलगी मोठ्यानं म्हणाली, "ताई, मला विचारा." मी थांबले. आईला म्हटलं, "मावशी, दहा मिनिटं बाहेर बसता का? चहा सांगते." त्या नाराजीनंच उठल्या.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. तिला काम हवं होतं. पेन्शनची भीती तिलाही होती, पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. पेन्शनचं खातं तिच्या नावावर, पासबुक मात्र आईच्या कपाटात. एटीएमचा पिन आईच्या डोक्यात. बँकेत कधी गेलंच तर कर्मचारी तिच्या डोक्यावरून आईला विचारतात, "किती काढायचेत?" दिव्यांगांच्या पैशावर धोरण लिहायला निघालेल्या मुलीनं स्वतःच्या हातानं एकदाही पैसे काढले नव्हते. हे सांगताना तिचे डोळे भरून आले.

आई आत आल्यावर मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडून पाठकोरी बाजू वर केली. पेन मुलीच्या हातात दिलं. लिहायला वेळ लागला. लागू दिला.

काय जाईल? तिची पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं अनुदान. त्यात दिव्यांगांना दरमहा 1,500 रुपये मिळत, 2025 मध्ये ते 2,500 झाले. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. वडील वारल्यापासून आई भाकरीच्या ऑर्डरी घेते, घर त्या मर्यादेत बसत होतं. मानधन सुरू झालं की बसणार नाही. त्यामुळं आईची भीती खरी होती, आणि ती खोटी ठरवायला मी गेले नाही. उत्पन्न लपवून पेन्शन चालू ठेवा, असंही मी कुणाला सांगत नाही. हयातीचे नि उत्पन्नाचे कागद वेळोवेळी द्यावे लागतात. एकदा खोटं लिहिलं की दरवेळी तेच लिहावं लागतं, आणि पुढं वसुलीची टांगती तलवार.

काय जाणार नाही? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), कारण ते शरीराच्या स्थितीवर मिळतं, उत्पन्नावर नाही. एसटीतली 75 टक्के सवलत. निरामय योजनेचं 1 लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण. "ह्ये समदं ऱ्हातंय?" आईनं दोनदा विचारलं. तिच्या मनात पेन्शन आणि दाखला एकच होते, एक गेलं की दुसरंही गेलं. अनेक घरांत हीच गाठ पडलेली असते, आणि ती सोडवली की निम्मी भीती उतरते.

मग हिशेब. पेन्शनचे वर्षाला 30,000. मानधनाचे अकरा महिन्यांचे 2,75,000. मुलीनं भागाकार केला. उत्तर आलं 110 महिने, म्हणजे नऊ वर्षं दोन महिन्यांची पेन्शन अकरा महिन्यांत. आई बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होती. नंतर म्हणाली, "आणि बाराव्या म्हैन्याला?"

तिचा हा प्रश्न मला फार रास्त वाटला. पेन्शन थोडी असली तरी येते, हा तिचा आधार होता. मी सांगितलं तेवढंच, जेवढं सांगता येतं. काम संपल्यावर उत्पन्न पुन्हा मर्यादेखाली गेलं तर नव्यानं अर्ज करता येतो. त्याला नवा उत्पन्नाचा दाखला लागतो, मंजुरीला महिने जाऊ शकतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांच्या मानधनातून 30,000 रुपये मुलीच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे. ही एका वर्षाची पेन्शन आधीच बाजूला काढलेली. तिला हात लावायचा नाही.

त्यानंतर आईच्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. "माज्या माघारी हिचं काय, ह्योच घोर हाय मला. पैसं हिच्या हातात दिलं आनि कुनी लुबाडलं तर?" कपाटातल्या पासबुकाचं कारण हे होतं. पोरीवर अविश्वास नव्हता, जगावर होता. मी मुलीकडं बघितलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या माघारी मला पैसे काढायला शिकवणार कोण? आत्ताच शिकू दे."

फेलोशिपच्या निवडीनंतर वाचायला पाठवलेल्या मजकुरातलं एक तिनं त्याच बैठकीत सांगितलं. अमेरिकेत एसएसआय नावाची मदत मिळवणाऱ्या एकट्या दिव्यांग माणसाला 2,000 डॉलरहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, आणि ही मर्यादा 1989 पासून तिथंच आहे. बचत केली की मदत जाते म्हणून माणसं बचतच करत नाहीत. म्हणून 2014 मध्ये तिथं कायदा करून एबल नावाची खाती काढली. त्यातल्या पहिल्या 1 लाख डॉलरपर्यंतच्या रकमेमुळं एसएसआय अडत नाही. "तिकडची आईबी माज्यागतच भ्याली आसंल," आई म्हणाली. मुलगी हसून म्हणाली, "मग मी लिहिणार ते हेच."

पुढच्या आठवड्यात दोघी बँकेत गेल्या. शाखेचं नाव लिहीत नाही. मुलीची सही दरवेळी थोडी वेगळी येते, स्नायूंचा ताण असतो. काउंटरवर सांगण्यात आलं, "पालकत्वाचा दाखला आणा." हे चूक होतं. सज्ञान, स्वतःचं भलंबुरं कळणाऱ्या मुलीला पालक नेमायची गरज नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 13 वं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा, आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा हक्क इतरांइतकाच आहे. ज्यांना सही करता येत नाही अशा खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलंच आहे. आम्ही हे सगळं आधीच अर्धं पान अर्जात लिहून दोघींजवळ दिलं होतं. व्यवस्थापकांनी वाचलं आणि अंगठा घेतला. पिन तिनं स्वतः घातला. आई पाठमोरी उभी राहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या गावात नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून नोकरी करत 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली, तिथं आजही काउंटरवर मुलीऐवजी आईला विचारलं जातं, याचं मला वाईट वाटतं. मुलीनं तिची पहिली सूचना याच विषयावर लिहायला घेतली आहे.

मानधन सुरू झाल्यावर तिनं तहसीलदार कार्यालयात स्वतः लेखी कळवलं की उत्पन्न वाढलं आहे, अनुदान थांबवावं. आई सोबत होती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्येची एक झेरॉक्स मला काढून दे."

पासबुक आता मुलीच्या पिशवीत असतं. कपाटात त्या जागी ती झेरॉक्स आहे.