ऑस्लोहून बर्गनला दिवसाच्या गाडीने जावं की रात्रीच्या? पोचल्यावर संध्याकाळी काय बघता येईल?

दिवसाच्याच गाडीने जा, शक्यतो सकाळच्या. मी बर्गनलाच राहतो आणि या गाडीने नेहमी ये-जा असते. सुमारे सात तासांच्या या प्रवासाचे पैसे वसूल होतात ते खिडकीतून, आणि रात्री झोपून आलात तर नेमकं तेच हुकतं. वर चढता चढता झाडं खुजी होत जातात आणि १,२२२ मीटरवरच्या फिन्से स्टेशनाजवळ उरतो नुसता खडक, पाणी आणि जूनमध्येही बर्फाचे पट्टे. तिथे गाडी थोडी थांबली तर फलाटावर जरूर उतरा, पण जॅकेट घालून.

जून-जुलैत इथे रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मोठी मिळते. स्टेशनापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर ब्रिगेन, म्हणजे बंदरावरची जुन्या लाकडी घरांची रांग आहे. त्या रंगीत लाकडी घरांचे फोटो समोरून काढून परतू नका, मधल्या अरुंद, फळ्या टाकलेल्या बोळांत शिरा. तिथून जवळच फ्लोयबानेन ही डोंगररेल्वे ३२० मीटर उंचीवर नेते. आभाळ मोकळं दिसलं की आधी तीच गाठा, कारण इथला पाऊस कधीही येतो.

डिसेंबरात येणार असाल तर मात्र साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा शहरासाठी दुसरा दिवस ठेवा.